कानपिळीचं पेन

माझा उजवा कान परागच्या चिमटीत होता, समोर होमात तुपाची धार पडत होती आणि सगळा मांडव माझ्याकडे बघून हसत होता. इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, अशी ताकीद त्यात असते. मग नवरदेव त्याला काहीतरी भेट देतो, भाऊ कान सोडतो, फोटोग्राफर म्हणतो “परत एकदा”, आणि भाऊ परत कान धरतो. हीच कानपिळी. परागसाठी आईने साताऱ्याहून घड्याळ आणलं होतं. सोनेरी पट्टा, मखमली डबी. कुमुदआत्याने ती डबी माझ्या हातात दिली आणि मी ती हसतमुखाने परागपुढे धरली.

“घड्याळ नको, दाजी,” पराग म्हणाला.

“मग काय हवं?”

“पेन द्या.” त्याने मोकळ्या हाताचं बोट माझ्या रेशमी झब्ब्याच्या खिशाकडे केलं. “त्या दोनांतलं एक.”

मांडव पुन्हा हसला. मीही हसलो. पराग हसला नाही. त्याने कान थोडा वर उचलला आणि त्याबरोबर मीही पाटावरून थोडा वर उचलला गेलो.

पराग म्हणजे फुलातली धूळ. तो पाळण्यात असताना कुणीतरी प्रेमाने ते नाव ठेवलं असणार, कारण त्यानंतर तो वाढत गेला. इचलकरंजीत त्याचं मागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि जिल्ह्याच्या कबड्डी संघात तो डावा कोपरा सांभाळायचा. समोरच्याचा घोटा एकदा धरला की शिट्टी वाजेपर्यंत सोडायचा नाही, अशी त्याची ख्याती होती. कानाच्या बाबतीत शिट्टी कोण वाजवणार, हे काही ठरलेलं नव्हतं.

आता त्या पेनांबद्दल सांगायला हवं.

मी तेव्हा विमा कंपन्यांसाठी अपघातात चेपलेल्या गाड्यांची पाहणी करायचो. ट्रकखाली गेलेली मोटार दाखवा, त्यातलं काय वाचेल आणि काय भंगारात जाईल हे मी उभ्या उभ्या सांगायचो. माझे सगळे अहवाल फाउंटन पेनाने लिहिलेले असत. एक पेन जर्मन होतं. काळं कुळकुळीत, जाडजूड, सोन्याच्या निबाचं. माझा विनूमामा जहाजावर इंजिनियर होता, त्याने ते हॅम्बुर्गहून आणून मला दिलं होतं. ते कागदावर टेकवलं की तूप सांडावं तशी अक्षरं पसरायची. दुसरं जपानी. लाखेचं, आणि त्यावर सोन्याच्या पुडीने काढलेला एक मासा. उन्हात धरून जरा फिरवलं की मासा शेपटी हलवायचा. बरेच दिवाळी बोनस साठवून मी ते मामाकरवी मागवलं होतं. त्याचं निब इतकं बारीक, की पोस्टकार्डावर अख्खा अपघात मावायचा.

दोन्ही पेनं मी दर रविवारी कोमट पाण्याने धुवायचो. पाणी एकाच भांड्यातलं, म्हणजे कुणाला कमी-जास्त नको. लग्नानंतर नोंदणीच्या अर्जावर सही करायची होती. ती कुठल्या पेनाने करायची हे महिनाभर ठरेना, म्हणून दोन्ही खिशाला लावून आलो होतो. “लग्नाला निघालायस की पोस्टात?” असं आई सकाळी म्हणालीही होती.

“पराग,” मी हसू तोंडावर ठेवत म्हटलं, “घड्याळ घे आणि वर तुला हवा तो बुटांचा जोड घेऊन देतो. कबड्डीला उपयोगी पडेल.”

“कबड्डी आम्ही अनवाणी खेळतो, दाजी. पेन.”

“यजमान, उरका,” होमात समिधा टाकत आठल्ये गुरुजी म्हणाले. “मला पुढे जयसिंगपूरला लग्न लावायचं आहे.”

माझ्या शेजारी वैजयंती बसली होती. तिच्या शालूच्या पदराला माझ्या उपरण्याची गाठ होती, त्यामुळे कान वर गेला की पदरही वर जायचा. आमच्या लग्नाआधी चार भेटी झाल्या होत्या. ती बारावीच्या मुलांना गणित शिकवते, तिला सुरण आवडत नाही आणि ती हळू बोलते, एवढं मला माहीत होतं. मी तिच्याकडे झुकून कुजबुजलो, “हा चेष्टा करतोय ना?”

“त्याला चेष्टा जमत नाही,” तिने होमाकडे बघतच उत्तर दिलं.

“पण दोन्ही मला सारखीच आहेत हो.”

“घराला आग लागली तर कुठलं बाहेर काढाल?”

“दोन्ही. हात दोन आहेत.”

“आणि मी?”

“तुम्ही चालत याल.”

मी आणखी खाली झुकलो. “खरं सांगू? मासा गेला तर मला महिनाभर झोप लागणार नाही.”

“मग जर्मन द्या!” मांडवाच्या पार मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

मी दचकून वर पाहिलं. मंगलाष्टकांचा माइक गुरुजींच्या पुढ्यात होता तसाच होता आणि तो कुणी बंद केलेला नव्हता. आमची सगळी कुजबुज चार भोंग्यांतून अख्ख्या मांडवात आणि मागे आचाऱ्यांच्या चुलीपर्यंत पोचली होती. “तुम्ही चालत याल” यावर बायकांच्या बाजूला चर्चा सुरू झाल्याचं आता मला ऐकू येऊ लागलं.

“जर्मन द्यायचं नाही!” पहिल्या रांगेतून विनूमामा उठला. “सदू, खबरदार! हॅम्बुर्गच्या बर्फात चालत जाऊन आणलंय ते मी.”

“मग जपानी द्या की,” आमच्या बाजूचे एक काका म्हणाले. “मासाच तर आहे.”

“मासाच तर आहे म्हणजे?” मी म्हणालो. भोंग्यातून ते फार मोठ्याने आलं.

तिथून पुढे मांडवाचे दोन भाग झाले. आमच्याकडचे जर्मन पेनाच्या बाजूचे, म्हणजे ते राहावं असं म्हणणारे. त्यांच्याकडचे म्हणत होते, मुलाने स्वतः घेतलेलं पेन ठेवावं, मामाचं द्यावं, मामा काय अजून आणील. दोन्ही पेनं कुणी पाहिलेली नव्हती. एक आजोबा जपानी पेनाला भूकंपाची भीती असते का असं विचारत होते. आत्या म्हणाली, दोन्ही देऊन टाक आणि जेवायला चल. मी तिच्याकडे असं बघितलं की ती बाजूला झाली.

“असं करा,” माझे नवे सासरे अण्णा पुढे येऊन म्हणाले. ते समंजस गृहस्थ होते. “दोन्ही चालवून बघा. जे कमी चालेल ते द्या. आणि पराग, कान जरा सैल धर.”

“सैल धरलाच आहे, अण्णा,” पराग म्हणाला. मला ही बातमी नवीन होती.

कुणीतरी आहेराचं रिकामं पाकीट आणलं. मी एका हाताने जर्मन पेन काढलं, दातांनी टोपण उघडलं आणि मांडी घातलेल्या गुडघ्यावर पाकीट ठेवून ‘श्री’ लिहिलं. तुपाची धार. मग जपानी काढून दुसरा ‘श्री’ लिहिला. मुंगीने काढावा तसा रेखीव. मी दोन्हींकडे बघत बसलो. आता तर आणखीच पंचाईत झाली, कारण इतके छान ‘श्री’ मी आयुष्यात काढले नव्हते.

“बघू,” म्हणून आठल्ये गुरुजींनी जर्मन पेन उचललं. जयसिंगपूर ते विसरले होते. “मला बोरूची सवय. याला जाड-बारीक येतं का?” आणि त्यांनी पाकिटावर ॐ काढायला घेतला. निबाच्या दोन्ही पाकळ्या फाकल्या.

“दाबू नका!” मी किंचाळलो.

भोंगे किंचाळले. मागे चुलीपाशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. एक लहान मूल रडायला लागलं. गुरुजींनी पेन तुपाच्या भांड्याशेजारी ठेवलं आणि रुसून समिधा मोजायला लागले. मी झडप घालून पेन उचललं, उपरण्याला पुसलं, निब उजेडाकडे धरून पाहिलं. वाचलं होतं. दोन्ही पेनं मी पुन्हा खिशाला लावली. या सगळ्या खटाटोपात कान परागच्या हातातच होता, हे सांगायला नको. मी जिकडे वळायचो तिकडे तो वळायचा. घोटा धरायची सवय असल्यामुळे त्याला ते सोपं जात होतं.

माझा कान एव्हाना जास्वंदीसारखा झाला असावा, कारण विनूमामाचं मन पाघळलं. तो माझ्याजवळ येऊन बसला.

“दे रे बाबा सदू, माझं दे,” तो म्हणाला. “कान तुटेल तुझा.”

“मामा, तू बर्फातून आणलंयस ते.”

“नाही रे,” त्याने आवाज खाली आणला. “दुकानापर्यंत गेलोच नव्हतो मी. ते आमच्या कप्तानाने दिलं मला. त्याला वाढदिवसाला दोन आली होती, एक मला देऊन टाकलं. मला फुकटच पडलं.”

मामाने आवाज खाली आणला होता, पण माइकजवळ आणला होता. बायकांच्या रांगेतून मामी उठून उभी राहिली.

“अहो,” मामी म्हणाली, “त्या वर्षी माझ्या पाटल्या झाल्या नाहीत. सदूच्या पेनात गेले म्हणालात पैसे.”

मामा माझ्याकडे बघत राहिला. सबंध मांडव मामाकडे बघत राहिला. परागसुद्धा क्षणभर कान विसरला, पण बोटं विसरली नाहीत.

“घरी बोलू,” मामा म्हणाला.

“घरीच बोलणार आहे,” मामी म्हणाली आणि बसली नाही.

मामाच्या पेनाचं ओझं असं माझ्या मनावरून उतरलं, पण त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. उलट मला त्या पेनाची कीव आली. बिचारं एकाने दिलं, दुसऱ्याने बर्फाची थाप मारून पुढे दिलं. आता मीही त्याला तिसऱ्याच्या हातात द्यायचं? आणि माशाने तरी कुणाचं काय बिघडवलं होतं? मी डोळे मिटले. आठवून बघितलं, कुठल्या पेनाने माझ्यावर कधी शाई सांडली होती का. दोघांनीही सांडली होती. दोघांनाही मी माफ केलं होतं.

“पराग,” मी म्हणालो, “डावा कान घेतोस का थोडा वेळ?”

“चालेल,” तो म्हणाला, आणि त्याने हात बदलला.

आचारी झारा हातात घेऊनच मांडवाच्या दारात आला. “अहो, जिलबी गार व्हायला लागली. मसालेभाताला वाफ धरून ठेवलीय, तो खाली लागेल. पेनाचं काय ठरलं?”

ठरत नव्हतं. हशा ओसरला होता. माणसं टोप्या सारख्या करत होती, पोरं पेंगत होती. अण्णा आमच्या वडिलांची माफी मागत होते, वडील अण्णांची मागत होते. आईच्या चेहऱ्यावर, या मुलाला आपणच वाढवलं का, असं काहीतरी होतं. आणि मला एकदम जाणवलं की हा विनोद होता तो मघाशीच संपला. आता इथे एक माणूस आपलं लग्न दोन पेनांसाठी अडवून बसलाय. पण जाणवून करायचं काय? हात खिशाकडे जायचा, एका टोपणाला लागायचा आणि तिथून चटका बसल्यासारखा मागे यायचा.

“अहो,” वैजयंती म्हणाली.

मी वळलो. तिच्या डोळ्यांत धूर गेला होता आणि त्यातून पाणी येत होतं. मुंडावळ्या तिने एका बाजूला सारल्या होत्या. तिने माइककडे एकदा पाहिलं आणि मग त्याची पर्वा न करता म्हणाली, “मला फार भूक लागलीय हो.”

ती पहाटेपासून उपाशी होती. मी लिंबूसरबत, चिवडा आणि दोन पेढे खाल्ले होते, नवरदेव म्हणून कुणी ना कुणी आणून देत होतं. तिला कुणी काही दिलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तिने माझ्याकडे केलेली ती पहिली मागणी.

मी खिशात हात घातला, जे लागलं ते उपसलं आणि न बघता परागच्या पुढे धरलं.

कान सुटला. मांडवात टाळ्या पडल्या, फोटोग्राफर म्हणाला “परत एकदा” आणि चारी बाजूंनी लोकांनी त्याला गप्प केलं. मग मी पाहिलं. परागच्या पंजात मासा होता.

लोक म्हणतात, अशा वेळी आपल्याला खरं काय जास्त आवडत होतं ते कळतं. मला काही कळलं नाही. माशासाठी जीव तुटला, पण जर्मन गेलं असतं तरी तो तेवढाच तुटला असता, याची मला आजही खात्री आहे. परागने पेन शर्टाच्या खिशात टाकलं. लावलं नाही, टाकलं. कंगव्याशेजारी. माशाचं तोंड खाली. मग आत्याच्या हातातली मखमली डबी त्याने शांतपणे घेतली आणि घड्याळ मनगटाला बांधलं.

“ते नको होतं ना तुला?” मी म्हटलं.

“आणलंच आहे तर,” पराग म्हणाला.

पंगतीत त्याने मला आग्रह करकरून जिलबी वाढली. दर वेळी तो वाकला की कंगव्याआडून मासा माझ्याकडे बघायचा. माझ्या पानात जिलब्या तशाच पडून राहिल्या. वैजयंतीने मात्र पानातला सगळा मसालेभात संपवला, परत मागितला, आणि माझ्या पानातल्या दोन जिलब्या मला न विचारता उचलल्या. जेवण झाल्यावर आम्ही अर्जावर सह्या केल्या. आता पेनाचा प्रश्न नव्हता, एकच उरलं होतं. तिच्यासाठी अण्णांनी बॉलपेन पुढे केलं.

पाठवणीला सगळे रडले. सगळ्यांत मोठ्याने पराग रडला. मोटारीच्या खिडकीत त्याने डोकं घातलं तेव्हा आत येणारा उजेडच बंद झाला. “तायडे,” तो म्हणाला, “नीट राहा.” नाक ओढलं, खिशात हात घातला, कंगवा बाजूला केला आणि मासा तिच्या ओंजळीत ठेवला. “हे घे तुझं.”

गाडी सुटली. पंचगंगेचा पूल मागे पडला तरी मी त्या पेनाकडे बघत होतो.

“तुझं म्हणजे?” मी शेवटी विचारलं.

“मीच सांगितलं होतं त्याला मागायला,” वैजयंती म्हणाली. रडून तिचं नाक लाल झालं होतं, पण आवाज एकदम स्वच्छ होता. “आपण दुसऱ्यांदा भेटलो, त्या उडप्याच्या हॉटेलात. तुम्ही पेनाबद्दल सांगत होतात. मी ते बघायला उचललं, आणि तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलंत.”

“मी? छे!”

“इतक्या अलगद, की तेव्हा मला राग आलाच नाही. बसमध्ये बसल्यावर आला.”

“मला काहीच आठवत नाही.”

“तुमचं लक्ष पेनाकडे होतं.”

मी थोडा वेळ बाहेरचा ऊस बघितला. “मग नकार का नाही दिलात?”

“देणार होते. आई म्हणाली, जो माणूस पेन इतकं जपतो तो तुलाही जपेल. मी तिला म्हटलं, मला कुणाच्या खिशात राहायचं नाहीये. मग वाटलं, एकदा मागून तर बघू. लेखी नको, तोंडी नको, कानपिळीत मागू.”

“आणि मी दिलंच नसतं तर?”

“कान सोडायचा नाही असं सांगून ठेवलं होतं.”

तिने पेनाचं टोपण फिरवून उघडलं. पहिल्याच फटक्यात, उलटसुलट न फिरवता, निबाला धक्का न लावता. गणिताच्या माणसाचं काम. पर्समधून आहेराचं एक पाकीट काढून मांडीवर ठेवलं आणि लिहायला लागली. मी बघत होतो, शाई नीट येते का, निब फार उभं तर धरलं नाही ना. आणि मग मला दिसलं की पेन तिच्या डाव्या हातात आहे.

“तुम्ही डावखुऱ्या आहात?”

“जन्मापासून.”

चार भेटी. त्यांत तिने चहा प्यायला होता, डोसा खाल्ला होता, मला वहीत नकाशा काढून घरचा पत्ता समजावला होता. माझी दोन्ही पेनं अंधारात कागदावर चालवा, नुसत्या आवाजावरून मी ओळखून दाखवली असती. आणि ही डावखुरी आहे हे मला नोंदणीच्या अर्जावर शेजारी बसून सही करतानासुद्धा दिसलं नव्हतं.

“वैजयंती,” मी म्हणालो. तिचं नाव मी पहिल्यांदाच नुसतं घेत होतो. “आणखी काय काय आहे, जे मला माहीत नाही?”

“सातारा यायला वेळ आहे,” ती म्हणाली आणि लिहीत राहिली. अधूनमधून थांबून सांगतही राहिली. तिला पोहता येतं. तिला कुत्र्यांची भीती वाटते. एकदा तिने हेडमास्तरांना वर्गाबाहेर काढलं होतं. सुरण तिला आवडतं, अळू आवडत नाही. ते मी उलटं ऐकलं होतं.

त्या पेनाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगवत नाही. तिने त्यात लाल शाई भरली आणि बारावीचे पेपर तपासले. वर्षानुवर्षं तपासले. निबाने तिच्या हाताचं वळण घेतलं, आणि आज मी ते उचललं तर कागद फाडतं. जर्मन पेन माझ्याकडे आहे. ते अजून मलाच ओळखतं.

साताऱ्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात आमच्याआधी पोचलेल्या बायका उभ्या होत्या, उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं होतं. कुमुदआत्याने ओवाळण्याआधी सुनेचे हात हातात घेतले, उजवा पाहिला, मग डावा उलटा केला आणि तिथेच थांबली. डावखुऱ्या माणसाचा हात ओल्या अक्षरांवरून घसटत जातो. इचलकरंजी ते सातारा लिहिलेलं सगळं मेंदीवर उतरलं होतं. तळव्यापासून करंगळीपर्यंत निळंशार.

“अगंबाई!” आत्या म्हणाली. “मेंदी लाल रंगली की नवरा जीव लावतो म्हणतात. ही अशी निळी कशी गं रंगली?”

“निळी रंगली की पेन देतो,” वैजयंती म्हणाली आणि माप ओलांडायला पाय उचलला.

“उजवा गं, उजवा!” आत्या ओरडली.

पण तोवर तांदूळ पार देवघरापर्यंत गेले होते.